सोबतच्या व्यक्तीचा बिल्ला

काशीहून परतल्यापासून आमच्या गल्लीत मला दोनच प्रश्न विचारले जातात. दर्शन नीट झालं का, आणि गंगा आणली का. दर्शन झालं. गंगाही आणली आहे, तांब्याच्या बंद लोटीत. ज्यांना हवी त्यांनी चमचा घेऊन यावं. पण "काय हो आठल्ये, काशीत तुमचा अपमान झाला म्हणे?" असं कुणीच विचारत नाही, म्हणून मीच विचारून मीच उत्तर देतो. झाला! माझा झाला, माझ्या बायकोचा त्याहून मोठा झाला, आणि तो सविस्तर सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

मी विनायक आठल्ये. सांगलीत बँकेत नोकरी करतो आणि गेली वीस वर्षं इथल्या हौशी नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर आहे. माझी बायको डॉ. वसुधा आठल्ये कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सहा वर्षं तिने दर शनिवार-रविवार कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृताबरोबर घालवले, माझ्याबरोबर नाही. काशीला हार्मोनांवर तीन दिवसांची परिषद भरणार होती आणि शेवटच्या दिवशी वसुधाला बोलायला दहा मिनिटं मिळाली होती. सहा वर्षांची दहा मिनिटं! मी रजा टाकली आणि नोंदणीच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सोबतची व्यक्ती'. मला त्याचं काही वाटलं नाही. विंगेत उभं राहायची मला सवय आहे.

गाडीतले दोन दिवस मी सांगत बसत नाही. फक्त एक संवाद सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इटारसीच्या आसपास डब्यातला शेवटचा बेसनलाडू अर्धा अर्धा करताना मी तिला म्हणालो, "बाई गं, तिथे चार लोक विचारतील बायको कशावर बोलणार म्हणून. मला समजेल असं सांग."

"पेशीत रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं," ती म्हणाली. "रक्तातून स्टिरॉइड हार्मोन आलं की त्याने ते पकडायचं, पेशीच्या केंद्रकात जायचं आणि जनुकांना कामाला लावायचं. पण हार्मोन येईपर्यंत तो एकटा नसतो. त्याला धरून एक सोबती प्रथिन असतं. शॅपरोन म्हणतात."

"धरून म्हणजे कोंडून?"

"बरेच जण तसंच समजतात. सोबती म्हणजे कुलूप, हार्मोन म्हणजे किल्ली. अर्धं खरं आहे ते. सोबती धरून आहे तोवर रिसेप्टर जनुकांकडे जाऊन नसते उद्योग करत नाही. पण आता मी मीठ घालून त्या सोबत्याला काढून टाकलं, तर काय होईल?"

"सुटला! धावत सुटेल स्टेजवर."

"नाही ना. त्याला हार्मोन धरताच येत नाही. हार्मोन बसायला जी खोबण लागते ती त्या सोबत्यामुळेच उघडी राहते. तो नुसता अडवत नाही हो, तयार ठेवतो."

म्हणजे पडद्याआड नटाचा खांदा धरून उभा असलेला माणूस! वेळ झाल्याशिवाय सोडायचा नाही, पण नट मात्र तोंडात वाक्य घेऊन ताजातवाना उभा हवा. मी आनंदाने मांडीवर थाप मारली. वसुधा म्हणाली, "उपमा ठीक आहे, पण पुरावा काय? मीठ घातलं आणि हार्मोन धरणं थांबलं, एवढंच दाखवलं तर कुणीही म्हणेल, बाई, तुमचं प्रथिन उकाड्याने मेलं. म्हणून शेवटची स्लाइड. त्यात त्याच रिसेप्टरला मी सोबती परत दिलाय, सशाच्या रक्तातल्या कच्च्या पेशींच्या अर्कातून. आणि पकड परत येते. मेलेलं परत येत नाही." बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळांनी हे आधीच दाखवलं होतं. वसुधाचं म्हणणं एवढंच, की ते आमच्या कॉलेजच्या टेबलावरही होतं.

दुर्गाघाट

आम्ही उतरलो ते वसुधाच्या नात्यातल्या नानाकाकांकडे. यांचे पणजोबा कोकणातून काशीला आले ते परत गेलेच नाहीत. घर दुर्गाघाटाच्या गल्लीत. गल्ली म्हणजे किती गल्ली? मी आणि माझी वळकटी एकाच वेळी जाऊ शकत नव्हतो. पुढे मी, मागे वळकटी, आणि दोघांच्या पुढे रस्ता अडवून बसलेला एक प्रचंड बैल, ज्याच्याकडे पाहून शेजारचा दुकानदार मला म्हणाला, "आराम से, भाईसाहब, अभी उठेंगे." बैलाला आदरार्थी बहुवचन! आमच्या बँकेत मॅनेजरलाही ते पाठीमागे मिळत नाही.

नानाकाकांच्या सूनबाई शैलावहिनी दारातच होत्या. "या जावईबापू, गाडी बहुत लेट झाली ना? हातपाय धुऊन घ्या, नाश्ता तयार आहे." नाश्त्याला चूडा-मटर. पोहेच ते, पण तुपात, हिरव्या मटारांबरोबर, वर काळी मिरी. हळद नाही, शेंगदाणा नाही, कढीपत्त्याचं पान नाही. मी आधी तीव्र निषेध केला आणि मग तीन वेळा वाढून घेतलं. निषेध अजून मागे घेतलेला नाही.

"जावईबापू, तुमचं भाषण कोणत्या दिवशी?" नानाकाकांनी विचारलं. सत्तरीचे गृहस्थ, वेदपाठशाळेत शिकवतात, आवाज खणखणीत.

"बाबा, भाषण वसूताईंचं आहे," शैलावहिनी आतून ओरडल्या. "चिठ्ठीत लिहिलं होतं ना त्यांनी."

"अरे हो, हो. माफ कर, बेटा."

"त्यांची गलती नाही," वहिनी पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. "मी पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवते. तरी डाकवाला गल्लीत 'पंडितजी की बहू' म्हणूनच पुकारतो. माझं नाव त्याच्या हातातल्या लिफाफ्यावर असतं!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. हे मी प्रांजळपणे नोंदवतो, कारण दोन तासांनी माझं हसू गेलं.

परिषदेला जाताना वाटेत चौकात मलइयो खाल्लं. थंडीत पहाटे दुधाचा केशरी फेस करतात आणि मातीच्या कुल्हडात देतात. तोंडात घातलं की आहे म्हणेपर्यंत नाही. वसुधा कुल्हड सावलीत धरून म्हणाली, "ऊन लागलं की बसतं म्हणे हे. अगदी माझ्या प्रथिनासारखं." मी तिसरा कुल्हड मागितला. ती घड्याळ बघत होती.

नोंदणीचं टेबल

टेबलामागे मिश्राजी नावाचे चष्मेवाले कारकून होते. त्यांनी मोठ्या अदबीने मला एक बिल्ला दिला: 'डॉ. विनायक आठल्ये'. सोबत वही, पेन, कार्यक्रमपत्रिका. वसुधाला दिला: 'श्रीमती आठल्ये, सोबतची व्यक्ती'. सोबत लाखेच्या रंगाची लाकडी कुंकवाची डबी आणि एक पत्रक: पहिला दिवस घाटांची सैर, दुसरा दिवस रामनगर, तिसरा दिवस साड्यांची खरेदी.

"मिश्राजी," मी म्हणालो, "यह उल्टा है. डॉक्टर ये हैं. मैं तो बैंक में हूँ."

मिश्राजींनी फाइल काढली. वसुधाचा फॉर्म काढला. तिच्या सुवाच्य अक्षरावर लाल पेनाने बाण काढून वरचं नाव खाली आणि खालचं वर केलेलं होतं. ते समाधानाने म्हणाले, "फॉर्म में मिस्टेक थी, सर. हमने ठीक करवा दिया."

वाचकहो, ही चूक नव्हे. चूक आम्ही बँकेत रोज करतो. माणूस चुकतो, मग कुणीतरी दुरुस्त करतो. इथे बरोबर होतं ते बसून, विचार करून, लाल पेन आणून दुरुस्त केलं होतं! कार्यक्रमपत्रिका उघडली. तिसरा दिवस, दुपारचं सत्र, वक्ते: डॉ. विनायक आठल्ये. माझी सहा वर्षं! माझे उंदीर! ज्या मला उंदीर दिसला की मी खुर्चीवर चढतो!

मी आवाज चढवला. माझा आवाज विंगेतला, दबका पण धारदार. तीन रांगांना ऐकू गेला. मिश्राजी हात जोडून म्हणाले, "शाम तक हो जाएगा."

ती संध्याकाळ काशीत तीन दिवस झालीच नाही. सूर्य रोज मावळत होता, गंगेवर आरती रोज होत होती, पण मिश्राजींची 'शाम' काही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाच्या दाराशी असलेल्या गृहस्थांनी वसुधाच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि मधाळ आवाजात म्हणाले, "मैडम, आपकी बस उधर है."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वसुधाने माझ्या कोटावरचा बिल्ला काढून आपल्या पदराला लावला आणि तिचा माझ्या खिशाला अडकवला. गृहस्थ गोंधळले. "मैडम, यह तो सर का है."

"सर मैं ही हूँ," वसुधा म्हणाली आणि आत गेली.

आणि मी? मी बसमध्ये चढलो. आमच्या नावाने कुणीतरी रामनगर पाहायलाच हवं होतं.

रामनगर

बसमध्ये अठरा बायका आणि मी. घाटावरून नावेने पलीकडे गेलो. फेब्रुवारीतलं धुकं विरळ होत होतं. मागे घाटांच्या पायऱ्यांवर ऊन चढत होतं, पुढे नुसती वाळू, आणि वाळूच्या टोकाला पिवळसर दगडाचा किल्ला. नदीच्या एका काठावर इतकी गर्दी आणि दुसऱ्या काठावर काहीच नाही, असं मी कुठे पाहिलं नाही. आमच्या कृष्णेला दोन्ही काठांवर ऊस तरी असतो. किल्ल्यात जुन्या बग्ग्या आणि तलवारी पाहिल्या. बाहेर कुल्हडात लस्सी घेतली. वर सायीचा असा थर की चमचा उभा राहावा.

माझ्या शेजारी निर्मलाजी नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, शांत, लोकर विणत चालणाऱ्या. त्यांनी माझा बिल्ला वाचला आणि डोळे मिचकावले. "भाईसाहब, आप पहले आदमी हैं. बीस साल से ऐसी बसों में बैठ रही हूँ."

त्यांचे यजमान परिषदेतले सर्वांत मोठे प्राध्यापक. त्यांचं नाव सांगत नाही. आपण त्यांना आचार्य म्हणू. त्यांचा प्रत्येक लेख निर्मलाजींनीच टाइप केलेला. "मिसेज़ किस पर बोलेंगी?" त्यांनी विचारलं. मी लस्सी बाजूला ठेवली आणि विंग, नट, खांद्यावरचा हात, सगळं हातवारे करून दाखवलं. चार बायका आणखी जमल्या. किल्ल्याचा पहारेकरीही ऐकत होता.

निर्मलाजींनी दोन टाके घातले. "यानी रोकता ही नहीं, तैयार भी रखता है. अच्छा है." मग हळूच म्हणाल्या, "एक बात बताऊँ? कल खाने पर प्रोफ़ेसर साहब पत्रिका में इसी भाषण का सार देख रहे थे. बोले, छोटे कॉलेज में यह सब नहीं होता. न ठीक से ठंडा रखने का इंतज़ाम, न कुछ. प्रोटीन गर्मी से मर गया होगा, और ये समझे कि नमक से हुआ."

माझ्या तोंडातली साय कडू झाली. न पाहता! न ऐकता! जेवताना! सांगलीचा बर्फ तो काय बर्फ नाही?

संध्याकाळी दुर्गाघाटाच्या पायरीवर मी हे वसुधाला जसंच्या तसं, आचार्यांच्या आवाजात करून दाखवलं. मला वाटलं ती भडकेल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मग शेवटची स्लाइड घाई न करता दाखवायला हवी. दीड मिनिट तरी तिलाच ठेवते." आणि वहीत आकडे मांडून तिने पहिल्या स्लाइडची वेळ कमी केली.

दहा मिनिटं

तिसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षस्थानी एक कडक बाई होत्या; नाव पुकारलं की घड्याळ सुरू, आठव्या मिनिटाला एक घंटा, दहाव्याला दुसरी, आणि दुसऱ्या घंटेला प्रोजेक्टरचा दिवा बंद. पहिल्या रांगेत आचार्य हाताची घडी घालून बसले होते. वसुधा स्लाइडचा डबा प्रोजेक्टरवाल्याला देऊन पाठीमागच्या बाजूने येत होती.

"डॉक्टर विनायक आठल्ये," अध्यक्षबाईंनी वाचलं.

मी उठलो.

आता तुम्ही विचाराल, का उठलास? तिला जाऊ द्यायचं होतंस. अहो, वीस वर्षं मी विंगेत उभा आहे! वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातली, एकदाही माझ्यावर प्रकाश पडला नाही. आणि इथे दोनशे माणसं, ध्वनिक्षेपक, आणि मनात तीन दिवस खदखदणारं रामनगर, मिश्राजी, लाल पेन! मी ताडताड पायऱ्या चढलो.

"मित्रों!" मी म्हणालो. "मैं डॉक्टर नहीं हूँ!"

सभागृह एकदम शांत. काय सांगू, ती शांतता! मग मी सुरू झालो. माझी हिंदी सांगलीची, पण त्वेष अस्सल. म्हटलं, ज्या परिषदेत पेशीतल्या सोबत्याचं महत्त्व सांगायला लोक देशभरातून आले, तिथे सोबतच्या व्यक्तीला कुंकवाची डबी देऊन साड्या बघायला पाठवतात! म्हटलं, ही स्त्री सहा वर्षं उंदरांच्या पिंजऱ्यांत राबली आणि तुम्ही लाल पेनाने तिला खाली ढकललंत! टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून हशा आला, तोही आमच्या बाजूचा. मी मिश्राजींची नक्कल केली. "शाम तक हो जाएगा!" लोक लोटपोट. मी खुलत गेलो. मी आता छोट्या गावांतल्या कॉलेजांच्या अवहेलनेवर येणार होतो, एक फार चांगलं वाक्य जुळत होतं, तेव्हा माझ्या कोपराशी कुणीतरी उभं असलेलं जाणवलं.

"अहो," वसुधा म्हणाली. फक्त मला ऐकू येईल असं. "चार मिनिटं झाली."

मी खाली उतरलो. टाळ्या अजून चालू होत्या, आणि त्या संपेपर्यंत आणखी काही सेकंद गेली.

तिने घाई केली नाही. पण जे सावकाश सांगायचं ते भरभर सांगावं लागलं. यकृताचा अर्क. सोबत्यासकट रिसेप्टर, हार्मोन पक्कं धरलेलं. आठव्या मिनिटाची घंटा. मीठ घातल्यावरची स्लाइड, पकड गेलेली. आचार्यांनी शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शेजारी हसला. "अब इस रिसेप्टर को साथी वापस दिया जाए तो," वसुधा म्हणाली, आणि दुसरी घंटा झाली. दिवा बंद. पडदा पांढरा.

"धन्यवाद. अगले वक्ता."

म्हणजे सभागृहाने काय पाहिलं? एका छोट्या गावच्या बाईचं प्रथिन मेलं. आचार्यांनी जेवताना सांगितलं होतं, बरोबर तेवढंच.

बाहेर व्हरांड्यात लोक माझे हात हातात घेऊन दाबत होते. "वाह भाईसाहब, क्या बोले!" मिश्राजी स्वतः आले, कान पकडले आणि दोन नवे, बरोबर छापलेले बिल्ले माझ्या हाती ठेवले. मी विजयाने ते घेऊन वसुधाकडे गेलो. ती खांबाला टेकून उभी होती.

"बघ," मी म्हणालो, "शेवटी केलं की नाही दुरुस्त? चूक कबूल केली त्यांनी."

"चूक त्यांची होती हो," ती म्हणाली. "मिनिटं माझी होती."

मी चहा आणू का विचारलं. ती नाही म्हणाली. ती आत गेली, प्रोजेक्टरवाल्याकडून आपला डबा घेतला, बाहेर येऊन त्यातून शेवटची स्लाइड काढली आणि रुमालाने पुसत बसली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

तेवढ्यात निर्मलाजी आल्या. साड्यांच्या बसला त्या गेल्याच नव्हत्या. मागच्या रांगेत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. आचार्य त्यांच्या दोन पावलं मागे, नाराज चेहऱ्याने. "आखिरी वाली रह गई न?" निर्मलाजी वसुधाला म्हणाल्या, आणि यजमानांकडे वळून, "पहले देख तो लीजिए. फिर जो कहना हो कहिए. टाइप तो मुझे ही करना है."

वसुधा उठली. व्हरांड्याच्या टोकाला तिरपं ऊन येत होतं. तिथे तिने ती इवलीशी काचेची चौकट दोन बोटांत धरून आकाशाकडे उचलली. आचार्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि एक डोळा मिटून जवळ आले.

"यह ऊपर वाली लकीर?"

"साथी वापस देने के बाद की."

"और नीचे?"

"वही रिसेप्टर, सिर्फ़ नमक. उसी दिन का, उसी बर्फ़ में रखा."

"बर्फ कहाँ से लाती हैं आप?"

"मछली बाज़ार से. सुबह-सुबह."

आचार्यांनी पुन्हा पाहिलं. "कितनी बार किया?"

"चार बार. तीन बार वापस आया."

"चौथी बार?"

"उस दिन बर्फ़ नहीं मिली."

आता आणखी दोघे-तिघे जमले होते. अध्यक्षबाईही चहाचा कप घेऊन मान उंच करून बघत होत्या. आचार्यांनी खिशातून पेन काढून मिठाचं प्रमाण विचारलं आणि स्वतःच्या पत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं. वसुधा सांगत होती, सावकाश, दीड मिनिटाच्या कितीतरी पुढे. मला राहवेना. कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं, पडद्याआडचा माणूस, खांद्यावरचा हात. मी एक पाऊल पुढे सरलो, घसा साफ केला.

"अहो," वसुधा म्हणाली, स्लाइडवरची नजर न काढता, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो.